माणसाला उभे करणारी खुर्ची

४ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या खुर्चीबद्दल इस्पितळाच्या समितीचे उत्तर आले. 'सर्वसाधारण रुग्णांच्या वापरास अयोग्य.' चार शब्द! खाली सही, तीही अशी की कोंबडीने कागदाला पाय पुसले असावेत.

खुर्ची दाखवायला गेलो त्या दिवशी इस्पितळाच्या खोलीत समितीचे तिघेजण बसले होते. खुर्ची मी जिन्याने स्वतःच्या खांद्यावर वर नेली, कारण लिफ्ट 'फक्त रुग्णांसाठी'. तिघांपैकी एकही जण खुर्चीत बसला नाही. एकाने बैठक बोटाने दाबून पाहिली, आपण पाव ताजा आहे का ते बघतो तशी. दुसऱ्याने विचारले, "आपलं शिक्षण?" मी म्हटले, "खुर्चीचं विचारा. ती उठवते का ते विचारा. माझं शिक्षण कुणालाच उठवणार नाही." तिसरा तेवढा हसला.

ही वही मी एवढ्यासाठीच ठेवली आहे की उद्या या खुर्चीचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर त्याला सगळे आयते मिळावे. म्हणून मुळापासून लिहितो. मी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रे दुरुस्त करतो. हे मला कुणी शिकवलेले नाही. वाचनालयातली पुस्तके आणि बिघडलेली यंत्रे, एवढेच माझे गुरू. वडील शिंपी; उभा जन्म कापड कापण्यात गेला. मागच्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. आता काठी घेऊन, मी भिंतीला बसवलेला कठडा धरून, ते संडासापर्यंत जातात आणि येतातही; आतल्या उंच कमोडवरून दांडी धरून उठतात. पण खुर्चीतून उठता येत नाही. उठवायला माणूस लागतो. सगळे घोडे तिथे पेंड खाते आहे.

माझ्या खुर्चीची बैठक पुढच्या कडेला बिजागरीवर आहे. खाली दोन स्प्रिंगा. हाताशी असलेली खिट्टी ओढायची आणि पुढे झुकायचे, की बैठक मागून वर येते आणि माणसाला उभे करते. वीज नको, मोटार नको. स्प्रिंगांचा जोर त्या माणसाच्या वजनाला आणि बसण्याला जुळला पाहिजे, एवढीच अट. इतकी सरळ गोष्ट तीन शिकलेल्या डोक्यांत शिरत नाही.

ही म्हणाली, "जाऊ द्या हो. जेवून घ्या."

जाऊ देणाऱ्यांनी आजवर जगात काय उभे केले आहे ते मला कुणी दाखवावे.

९ फेब्रुवारी, रविवार

समितीला नसेल कळत, पण घरी तर सिद्ध करून दाखवता येईल, म्हणून आज चाचणी घेतली. बाबा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून तयार. मी म्हटले, "बाबा, मी तीन म्हटलं की खिट्टी ओढा आणि झुका."

"तीन कशाला? एकालाच झुकतो."

"नाही. तीनच."

तीनला त्यांनी खिट्टी ओढली. बैठक अगदी ठरल्याप्रमाणे वर आली, पण बाबा तिच्याबरोबर आले नाहीत. ते डावीकडे कलंडले. ही धावली आणि तिने त्यांना अंगावर झेलले.

मी म्हटले, "तू मध्ये पडलीस, नाहीतर दुसऱ्या क्षणाला त्यांनी तोल सावरला असता."

"मी मध्ये पडले नसते तर ते खाली पडले असते."

हिला उत्तर द्यायला कधी वेळ लागत नाही. आकृती काढून समजावले तर म्हणाली, भाजी लागतेय.

खुर्चीत दोष नाही हे मी पुन्हा तपासून घेतले आहे. दोन्ही स्प्रिंगा सारख्या, बैठक पाणसळ लावून सपाट, दोन्ही हात समान उंचीला. सगळे बाबांच्या मापाचे. दोष असलाच तर झुकण्यात आहे.

बाबा जानेवारीत घरी एकटे असताना उठायला गेले आणि पडले, तेव्हापासून ही शाळेच्या कचेरीतून रजेवर आहे. तिची कंबर हल्ली सारखी धरते. मी तिला सांगितले, बसताना पाठ ताठ ठेवत जा. ऐकते कोण! बाबाही पाणी फारच कमी पितात. वयाबरोबर तहान कमी होते असे मी वाचले आहे, तेव्हा त्यात काळजीचे काही नसावे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांना व्यायाम द्यायला आठवड्यातून एकदा एक बाई येतात. आज मी मुद्दाम उशिरा कामावर गेलो आणि त्यांना खुर्ची दाखवली. बाई बसल्या! आजवर बसणारा पहिला बाहेरचा माणूस. खिट्टी ओढून उठल्या, परत बसल्या, परत उठल्या.

"छान केलीय हो," त्या म्हणाल्या. मला बरे वाटले, लपवत नाही. मग त्या म्हणाल्या, "पण ही खुर्ची कुणाची?"

"कुणाची म्हणजे? बाबांची."

"या बाबांची?"

"घरात दुसरे बाबा नाहीत, बाई."

त्यांनी बाबांकडे पाहिले. बाबा खिडकीबाहेर समोरच्या भिंतीकडे पाहत होते. भिंतीत पाहण्यासारखे काहीही नाही. "मापं नीट घेतली होतीत ना?" बाई म्हणाल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मापं! मला! पुठ्ठा कापणारे पाते कागदाच्या जाडीइतके सरकले तरी मी नुसत्या आवाजावरून सांगतो. मी म्हटले, "बाई, तुम्ही हातपाय हलवायचं बघा. मापाचं मी बघतो."

जाताना बाई हिच्याशी जिन्यात बराच वेळ कुजबुजत होत्या. बायकांच्या बोलण्यात मी लक्ष घालत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वस्तू बाजारात आली की समित्या आपोआप मान्यता देतात, असा विचार करून आज फर्निचरच्या कारखान्यात गेलो. मालकाने ताटकळत ठेवले. बसायला कारखान्याच्या दुकानात चौफेर खुर्च्या, पण सगळ्यांवर प्लास्टिक घातलेले आणि 'कृपया बसू नये' अशी पाटी. खुर्चीवर बसू नये! तिथेच उठून यायला हवे होते.

मालक माझ्या खुर्चीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "लूक नाही हिला."

"म्हाताऱ्या माणसाला खुर्ची बघायची नसते. तिच्यातून उठायचं असतं."

"बरोबर. पण विकत घेणारा मुलगा असतो ना. तो बघतो." मग त्याने मोटारवाली परदेशी खुर्ची दाखवली. बटण दाबले की घरघरत वर येते. "हे बघा. नुसतं बोट."

"आणि वीज गेली तर?"

"तर वीज आली की उठायचं."

मी त्याला म्हटले, तुम्ही एकदा पोटभर पाणी पिऊन हिच्यात बसा, वीज मी घालवतो. त्याने नोकराला हाक मारून मला दार दाखवले. नोकराने खुर्ची टेम्पोत चढवायला हातही लावला नाही.

२ मार्च, रविवार

ताई आणि भाऊजी आले होते. ताई माझ्यापेक्षा वडील, त्यामुळे तिचे सगळे बोलणे निकालपत्रासारखे असते. चहा संपायच्या आत निकाल वाचून झाला. बाबांना ती तिच्या गावी नेणार. तिचे घर तळमजल्यावर, दिवसभर उठवायला-बसवायला माणूस ठेवणार.

"ही किती दिवस रजा काढणार?" ती म्हणाली. "तिची कंबर बघितलीस का तू?"

"तिच्या बसण्याची पद्धत चुकीची आहे."

ताईने भाऊजींकडे पाहिले. भाऊजी बशीत पाहत राहिले. ते सज्जन आहेत.

मी म्हटले, "मला थोडा वेळ दे. खुर्ची झालीच आहे. बाबा एकट्याने उठायला लागले की हिला कामावर जाता येईल, आणि त्यांना इथून हलायची गरज नाही."

"वर्षभर 'झालीच आहे' ऐकतेय. अरे, त्यांना काय हवंय ते विचारलंस का कधी? की नुसते मिलिमीटरच विचारलेस?"

"मिलिमीटर खोटं बोलत नाही."

"मग मिलिमीटरलाच सांभाळ."

शेवटी बाबांना विचारले. ते म्हणाले, "माझं काय, ठेवाल तिथे राहीन." घरातल्या कपाटाला वाचा फुटली तर ते असेच बोलेल. हाच माणूस एके काळी, सदऱ्याची कॉलर गिऱ्हाईकाला आवडली नाही तर सदरा परत ठेवून घ्यायचा, पण कॉलर बदलायचा नाही!

तीस तारखेला रविवारी ताई गाडी घेऊन येणार आहे. तोवर बाबा आपल्या आपण उठले तर राहतील, नाहीतर जातील. हे माझ्या तोंडून वदवून घेऊनच ती उठली.

६ मार्च, गुरुवार

कुणाचे तोंड बंद करायचे तर आकड्यांनीच करावे. म्हणून आज बाबांची सगळी मापे नव्याने घेतली. गुडघ्याची उंची, मांडीची लांबी, खांदा, कोपर, पाठीचा कणा कुठे टेकतो ते सगळे. पोलादी फीत, दर माप दोनदा. आणि मागच्या वेळचे आकडे शेजारी ठेवले, तर तंतोतंत तेच! एका केसाचा फरक नाही. या वयात, या दुखण्यात इतके स्थिर बसणारा माणूस विरळा. मी तसे म्हटलेही. बाबा खूश दिसले.

मी फीत गुंडाळत असताना ही म्हणाली, "एक सांगू? तुमच्या फितीचा आवाज झाला की बाबा निराळेच होतात."

"निराळे म्हणजे?"

"म्हणजे फोटोला बसल्यासारखे."

"बसण्यात फोटोचं आणि बिनफोटोचं असं काही नसतं."

"बरं," ती म्हणाली. हिचे 'बरं' म्हणजे चर्चा संपली, आणि ती जिंकली, असा त्याचा अर्थ असतो. मापे बरोबर आहेत, तेव्हा चूक जोराची असणार. स्प्रिंगा कमी पडत आहेत. उद्या दोन्ही जाड बसवतो.

११ मार्च, मंगळवार

लिहावेसे वाटत नाही, पण इतिहास म्हटला की सगळे लिहायला हवे.

जाड स्प्रिंगांनी बाबांना पुढे फेकले. मी समोर होतो, म्हणून ते माझ्या छातीवर आले. माझ्या खिशातले पेन त्यांच्या ओठाला लागून ओठ फुटला. रक्त थोडेच होते. ते म्हणाले, "काही नाही, काही नाही. परत करू या." मी त्यांचे तोंड पुसायला गेलो तर म्हणाले, "सूनबाईला बोलव."

हिने पुसले. मला कुणी काही बोलले नाही, हे जास्त वाईट. बोलले असते तर मी उत्तर दिले असते.

खुर्ची उचलून बाहेर जिन्यात ठेवून दिली. समितीतल्या त्या माणसाने बैठक बोटाने दाबली तेव्हा त्याला काही कळले असेल का, असा विचार आज पहिल्यांदा मनात आला. लगेच घालवला. पण आला होता.

१२ मार्च, बुधवार

सकाळी दार उघडून पाहतो तर शेजाऱ्यांनी खुर्चीवर चपला मांडून ठेवलेल्या! सगळ्या घराच्या! चपलांसाठी केली का मी ही? चपला त्यांच्या दारात नेऊन टाकल्या आणि खुर्ची परत आत आणली. माझ्या चुकांवर मी वाटेल ते म्हणेन. दुसऱ्याने पाय ठेवायचे काम नाही.

१५ मार्च, शनिवार

आज कारखान्यातले मोठे यंत्र बंद पडले. त्याचा भाग बाहेरून यायचा होता, म्हणून दुपारीच सुटलो. घरी आलो. ही मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. दार नुसते लोटलेले.

खिडकीजवळच्या जुन्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता.

मी हे मुद्दाम असे लिहितो, कारण क्षणभर मला तसेच वाटले. की कुणीतरी आलेय. मान छातीवर. सगळे अंग डावीकडे ओघळलेले, धुतलेले कापड दोरीवर एका बाजूला सरकते तसे. डावा पाय बैठकीखाली वळलेला. पाठ कशाला टेकलेलीच नाही. कमरेवर बसलेले, पार पुढे घसरून. उजव्या हाताने खुर्चीचा हात अगदी पुढे, टोकाशी, मुठीत धरलेला. वाहत्या पाण्यात फांदी धरावी तसा.

किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मग सवयीने हात खिशात गेला आणि फीत बाहेर काढली. तिचा तो करकर आवाज झाला.

आणि बाबा बसले. म्हणजे बसलेलेच होते, पण बसले. मान वर, खांदे मागे, पाठ सरळ, डावा पाय उजव्या हाताने ओढून उजव्याच्या शेजारी. कपाळावर घाम आला. सगळे माझ्या आकड्यांप्रमाणे. हुबेहूब माझे आकडे त्या खुर्चीत बसले होते.

"लवकर आलास?" ते म्हणाले.

मी म्हटले, "यंत्र बंद पडलं." आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो. एवढा संताप मला समितीचाही आला नव्हता. वर्षभर! वर्षभर मी मान मोडून काम केले, ते नसलेल्या माणसासाठी! घरातल्याच माणसाने मला फसवले, आणि बायकोला माहीत, व्यायामवालीला माहीत, ताईलासुद्धा बहुधा माहीत. माहीत नाही ते फक्त खुर्ची करणाऱ्याला!

१६ मार्च, रविवार

आज विचारलेच. आवाज चढला असेल.

"बाबा, माप घेताना तुम्ही ताठ का बसलात?"

बाबांचे बोलणे आता सावकाश झाले आहे, पण शब्द शाबूत आहेत. ते म्हणाले, "फितीपुढे खरं कोण बसतं रे? फीत दिसली की पोट आत आणि छाती बाहेर. चांगली चांगली माणसं. तसं माप घेऊन शिवलं की सदरा दुकानात झकास बसतो आणि घरी गेल्यावर बटणं तुटतात."

"मग तुम्ही काय करायचात?"

"अंगावर माप घ्यायचोच नाही. म्हणजे घ्यायचो, त्यांच्या समाधानासाठी. पण सांगायचो, रोजच्या वापरातला जुना सदरा आणून टाका. कोपर कुठे विरलं, कुठला खांदा उतरलाय, कुठलं बटण ताणलंय. त्याच्यावरून कापायचो. माणूस चार घटका ताठ राहील, सदरा कशाला राहतोय?"

मला हे ऐकून जास्तच राग आला. "हे तुम्हाला ठाऊक होतं! मग मला पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटले डोळा लागला. मग म्हणाले, "गिऱ्हाईक असतास तर सांगितलं असतं."

"म्हणजे?"

"मुलगा माप घेतोय म्हटल्यावर वाकडं बसायचं?"

याला काही अर्थ आहे का? शास्त्रात अशाला काही जागा आहे का? मी त्यांना स्वच्छ सांगितले की तुमच्या या हट्टापायी तुमचाच ओठ फुटला. ते म्हणाले, "फुटला तर फुटला. तुझ्यासमोर मी काय लोळत पडू?" मी म्हटले, "मला चाललं असतं!" ते म्हणाले, "मला नसतं चाललं." आम्ही दोघे मग वेगवेगळ्या दिशांना पाहत बसलो. ही दारात उभी होती. म्हणाली, "एकाच ताग्यातलं कापड आहे, काय बोलणार!"

संध्याकाळी ही बाबांना आंघोळीला घेऊन गेली, तेव्हा मी त्या जुन्या खुर्चीजवळ गेलो. तिची गादी कधीच नीट पाहिली नव्हती. डावीकडे मागे खळगा, मूठ मावेल इतका. उजवी कड जवळजवळ नवी. उजव्या हाताचे लाकूड मागे कोरडे आणि फक्त टोकाशी गुळगुळीत, काळे. खाली फरशीवर डाव्या टाचेने घासल्याचा फिका डाग, मी समजत होतो त्याच्या वीतभर आत. त्यांचा जुना सदरा माझ्या डोळ्यांसमोर इतके दिवस पडून होता.

फीत काढली नाही, न जाणो आतपर्यंत आवाज जायचा. लाकडी पट्टी आणि पेन्सिलीने सगळे उतरवून घेतले.

२३ मार्च, रविवार

आठवडाभर कामावरून आलो की हेच. खुर्ची झाली. तिच्याकडे बघवत नाही. डावी स्प्रिंग जाड, उजवी बारीक. बैठक तिरकी. उजवा हात खाली आणि पुढे आलेला, डावा उंच, वर गुंडाळलेली गादी. पाय ठेवायला खालून पट्टी कापून टाकली. पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका कोपऱ्यात जाऊन बसतो. माझ्या हातून जन्मात इतकी वाकडी वस्तू गेली नाही. कुणी पाहिली तर म्हणेल, शिकाऊ माणसाने केली.

शुक्रवारी समितीला फोन केला होता. पुन्हा अर्ज करायचा तर काय लागेल ते विचारले. पलीकडचा म्हणाला, "म्हणजे आता प्रत्येकाची खुर्ची वेगळी करावी लागणार? मग ती सर्वसाधारण रुग्णांसाठी कशी होईल?"

मी म्हटले, "सर्वसाधारण रुग्ण मला अजून भेटलेला नाही. तुम्हाला भेटला तर पत्ता कळवा, त्याच्यासाठीही करतो."

त्याने फोन ठेवला. ठेवू दे. अर्ज मी धाडणार. परत पाठवला तर परत धाडणार. कागद त्यांचा संपेल, माझा नाही.

२७ मार्च, गुरुवार

चार दिवस झाले. बाबा वाकड्या खुर्चीत दिवसभर बसतात. छान बसतात, ओघळत नाहीत असे ही म्हणते. पण मी घरात असलो की खिट्टीला हात लावत नाहीत. मी म्हणतो, "उठून बघू या." ते म्हणतात, "आत्ता कशाला? आत्ता कुठे जायचंय?" हिलाही त्यांनी करून दाखवलेले नाही, उठायचे झाले की हिलाच हाक मारतात.

मी वही-पेन्सिल घेऊन समोर बसलो होतो, कोन आणि वेळ टिपायला. माझ्याकडे पाहून ते परत ताठ झाले. आता या माणसापुढे करायचे काय? रविवारी ताई येणार. तिच्यापुढे मी काय दाखवू, गादी?

रात्री बाबांचे चार सदरे हिने घडी करून ठेवले, 'वेळेवर घाई नको' म्हणून. मी कपाटाचे दार जरा जोरात लावले.

३० मार्च, रविवार

ताई आणि भाऊजी अकराच्या सुमारास आले. बाबा खिडकीशी, नव्या खुर्चीत. ताईने खुर्चीकडे पाहिले आणि म्हणाली, "ही अशी काय? पडली होती का?"

मी म्हटले, ती मुद्दाम तशी आहे. ती म्हणाली, "हो ना, तुझं सगळं मुद्दामच असतं." मग बॅग आणली, हिने सदरे आत भरले. मी म्हटले, अजून आठ दिवस थांब. ती म्हणाली, तीस तारीख तूच कबूल केली होतीस. मी म्हटले, कबूल केली नव्हती, वदवून घेतली होतीस. ती म्हणाली, म्हणजे आता मी खोटी? झाले. आवाज वाढले. ताईने माझी आठवीतली गोष्ट काढली, मी तिच्या सासरची काढली. भाऊजी मध्ये "अहो, जाऊ द्या, अहो" म्हणत होते. ते कुणाला म्हणत होते ते कळायला मार्ग नव्हता. ही म्हणाली, "हळू. बाबा ऐकतायत." आम्ही चौघे दाराशी बॅगेभोवती उभे होतो आणि खिडकीकडे आमची पाठ होती.

कडी लागल्याचा आवाज आला. आतून.

मी वळून पाहिले. खुर्चीत कुणी नव्हते. बैठक वर आलेली होती, तिरकी, अजून किंचित हलत होती. काठी जागेवर नव्हती.

मी पाहिले नाही! वर्षभर ज्या एका गोष्टीसाठी रक्त आटवले ती माझ्या पाठीमागे घडली, आणि मी ताईच्या सासऱ्यांबद्दल बोलत होतो! किती अंशांत झुकले, किती वेळ लागला, पाय कुठे होता, काही म्हणता काही टिपलेले नाही. वाटेत ठोकर लागली का, कठडा कुठे धरला, कुणालाच सांगता येईना.

संडासाच्या दाराशी आम्ही चौघे पोचलो. ताईने दार ठोठावले. "बाबा? बाबा, कडी काढा आधी. पडलात म्हणजे?"

"पडलो तर हाक मारीन," आतून आवाज आला.

"अहो पण बाबा, कडी कशाला लावायची? कोण येणार आहे आत?"

"इतके दिवस कोणी ना कोणी असायचंच की."

ताईने दारावरचा हात काढला. हिने पदर तोंडाला लावला. मी दाराला तोंड लावून विचारले, "बाबा, खिट्टी कितव्या वेळी ओढली गेली? उजव्या हाताला जोर किती लागला? आधी डावा पाय—"

"अरे, जा ना तिकडे!" बाबा ओरडले. कॉलर बदलायला सांगणाऱ्या गिऱ्हाईकावर ओरडायचे तसे. "दारात रांग लावून उभे राहिलात सगळे. माणसाला सुखासुखी होणार कसं?"

हे मला. ज्याने खुर्ची केली त्याला. शाबासकीचे एक अक्षर नाही, आभार तर सोडाच. असो. मी सगळ्यांना तिथून हुसकावले. भाऊजींना दोनदा सांगावे लागले.

बैठकीच्या खोलीत येऊन आम्ही बसलो. नव्या खुर्चीत कुणी बसले नाही. ताईने बॅग पुढे ओढली आणि सदरे एकेक काढून मांडीवर घेऊ लागली. मी विचारले, हे काय? ती म्हणाली, "चुरगळतील."